चोवीस डब्यांचा घोळ

१

चार नंबरच्या डबीत एकही जिवंत जंतू सापडला नाही. सतरा नंबरच्या डबीत कोट्यवधी सापडले. खरं तर नेमकं उलट असायला हवं होतं.

प्रयोगशाळेचा तो कागद माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडला होता आणि समोर माझी भाची बसली होती. भाची म्हणजे माझ्या बायकोच्या बहिणीची मुलगी. ती दातांची डॉक्टर आहे. दवाखान्यात सगळे तिला छोट्या डॉक्टर म्हणतात, कारण दवाखाना ज्यांचा आहे ते मोठे डॉक्टर.

मी दातांचा माणूस नाही. चौतीस वर्षं वजन-मापं तपासायच्या खात्यात होतो. या घोळात आलो तो पेशंट म्हणून. माझ्या खालच्या जबड्यात दोन दात बसवलेले आहेत, हाडात स्क्रू घालून. ते बसवायला बायकोनंच लावलं होतं. मग ती आजारी पडली, आणि त्या वर्षभरात माझं दात घासण्याकडे लक्ष राहिलं नाही. ती गेली. त्यानंतर काही महिन्यांनी बसवलेल्या दातांभोवतीच्या हिरड्या सुजल्या आणि ब्रश लावला की रक्त येऊ लागलं.

भाचीकडे असे चोवीस पेशंट जमले होते. या सुजेवर चांगल्या जंतूंचा उपयोग होतो का, ते तिला तपासायचं होतं. दात घासल्यावर सकाळ-संध्याकाळ एक गोळी तोंडात विरघळू द्यायची. बारा जणांच्या गोळीत जिवंत जंतू, बारा जणांच्या गोळीत काहीच नाही. चव, रंग, आकार सारखाच. कोणाला कुठली गोळी मिळते हे पेशंटला माहीत नाही, देणाऱ्यालाही नाही. ती यादी कंपनीनं केली आणि बंद पाकिटात मोठ्या डॉक्टरांच्या कपाटात ठेवली होती.

सहा आठवडे झाल्यावर मोठ्या डॉक्टरांनी नियमाप्रमाणे फ्रिजमधल्या दोन डब्या तपासायला पाठवल्या, एक जिवंत यादीतली आणि एक रिकाम्या यादीतली. दोन्ही उलट निघाल्या.

मी विचारलं, चूक कंपनीची असेल तर? भाचीनं मान हलवली. प्रत्येक डबीच्या तळाला कंपनीची एक खूण असते, ती फक्त कंपनीलाच वाचता येते. तिनं फोनवर कंपनीला त्या खुणा सांगितल्या होत्या आणि कुठली डबी कुठल्या नंबरची ते विचारून घेतलं होतं. चार नंबरच्या झाकणाखाली अकरा नंबरची डबी होती, आणि सतराच्या झाकणाखाली वीसची.

"नंबर कुठं लिहिलाय?" मी विचारलं.

"झाकणावर."

"फक्त झाकणावर?"

आमच्या खात्यात शिक्का वजनावर मारायचा असतो, वजनाच्या खोक्यावर नाही. पण ही वेळ ते बोलायची नव्हती.

असे प्रयोग नियमानं होतात का ते बघणाऱ्या नीतिसमितीची गुरुवारी बैठक होती. मोठ्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की प्रयोग तुझा, फ्रिज तुझा, निकाल चांगला आला तर नाव तुझं. समिती दुसऱ्या कोणाचा विचार का करेल? तिला यातून काढून टाकलं असतं आणि पुढे कोणी तिच्या हातात साधी डबीही दिली नसती.

"काका, कोणीतरी झाकणं बदललीत," ती म्हणाली. "आणि मी नाही बदललेली. हे सिद्ध कसं करू?"

सोमवारची संध्याकाळ होती. हातात अडीच दिवस होते.

२

मंगळवारी सकाळीच मी दवाखान्यात जाऊन बसलो. माझी तपासणी दुपारी होती, पण एकट्या माणसाला कोणी विचारत नाही की लवकर का आलास. आणखीही एक गोष्ट मी या वर्षात शिकलो. ज्याची बायको गेली त्याच्याशी काय बोलावं हे लोकांना कळत नाही, म्हणून ते स्वतःचीच गाऱ्हाणी सांगत बसतात.

पहिले मोठे डॉक्टर. त्यांचा या गोळ्यांवर मुळात विश्वासच नव्हता. हिरडी साफ करा, पेशंटला घासायला शिकवा, संपलं, असं त्यांचं म्हणणं. तरी त्यांनी मला पाकीट दाखवलं. तोंडावरचा लाखेचा शिक्का शाबूत होता. जिवंत-रिकाम्याचा एकेक नंबर त्यांना कंपनीनं तपासणीपुरता वेगळा कळवला होता. मग मी सरळ विचारलं की पाकीट न उघडता कुठली गोळी जिवंत हे कोणाला कळेल का? ते म्हणाले, प्रयोगशाळेशिवाय शक्यच नाही. मग झाकणं बदलणाऱ्यानं डोळे झाकून बदलली? ते म्हणाले, डोळे झाकून एवढा उपद्व्याप कोण करेल.

त्यांचं बरोबर होतं. मला तेच खटकत होतं.

काउंटरवरची मुलगी बोलकी. फ्रिजची किल्ली तिच्यामागच्या खिळ्याला लटकते, कोणीही घेतं. दवाखान्याच्या दाराची किल्ली पाचही जणांकडे. रविवारी बंद असतो, पण कोणी आलं-गेलं तरी वॉचमन लिहून ठेवत नाही. मग ती खऱ्या दुःखाकडे वळली. चहाचं सगळं सामान तिनं आणायचं आणि बाकीच्यांनी फस्त करायचं. "गोळ्या सुरू झाल्या ना, त्या सोमवारी बघा काका. शनिवारी दुधाची दोन पाकिटं आणून ठेवली होती. सोमवारी एकही नाही. विचारलं तर सगळे साळसूद. मला माहितीये, तो साचेवाला पितो. मांजर परवडलं."

साचेवाला म्हणजे टेक्निशियन. मागच्या खोलीत बसून दातांच्या टोप्या बनवतो. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो एका दाढेला रंग देत होता. दुधाचं विचारलं तर त्यानं शपथेवर सांगितलं की तो काळा चहा पितो. उलट त्याचंच गाऱ्हाणं मोठं होतं. त्याच सोमवारी त्याच्या खोलीत कोणीतरी हात घातला होता. मेण मऊ करायची त्याची गरम पाण्याची टाकी असते, तिचं बटण साठ अंशांवर असतं. ते चाळिसावर आणून ठेवलेलं. सकाळभर मेण दगडासारखं.

"आणि गंमत ऐका," तो म्हणाला. "रंग कालवायच्या माझ्या काचेच्या वाट्या, दोन डझन. वर्षानुवर्षं धुतलेल्या नाहीत, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी बघतो तर लखलखीत. एकेक वाटी वेगळ्या पाकिटात, सीलबंद, वर तारीख. मला वाटलं परी येऊन गेली."

मी विचारलं, वाट्या दोन डझन म्हणजे नक्की किती?

"चोवीस," तो म्हणाला. "आता आहेत तेवीस. एक मी फोडली."

३

सिस्टरांशी बोलणं राहिलं होतं. त्या या दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स आहेत. दर आठवड्याला फ्रिजमधून डबी काढून पेशंटच्या हातात त्याच देतात, हत्यारं उकळून पाकिटांत सीलबंद करायचं कामही त्यांचंच. माझ्या बायकोच्या शेवटच्या महिन्यात, तिला चूळही भरता येईना तेव्हा, सिस्टर संध्याकाळी घरी येऊन ओल्या कापसानं तिचं तोंड साफ करून द्यायच्या. कोणी बोलावलं नव्हतं. म्हणून त्यांना काही विचारायचं माझ्या जिवावर आलं होतं. मी फक्त एवढंच विचारलं की डब्यांमध्ये कधी काही कमी-जास्त आढळलं का.

त्या म्हणाल्या, नाही.

हे खरं नव्हतं, आणि ते मला त्याच क्षणी आठवलं. मी मोजणारा माणूस. हातात आलेली कुठलीही गोष्ट मोजतो. डबीवर लिहिलेलं असतं, पंधरा गोळ्या. आठवड्याच्या चौदा आणि एखादी पडली-झडली तर एक जादा. माझ्या पहिल्या डबीत चौदाच होत्या. पुढच्या पाचही डब्यांत पंधरा. तेव्हा वाटलं कंपनीचं यंत्र चुकलं असेल.

बाहेर बाकावर माझ्याशेजारी सतरा नंबरचा बस-ड्रायव्हर बसला होता. त्याला विचारलं. तो हसला. पहिल्या आठवड्यात त्याची एक गोळी बेसिनमध्ये पडली होती आणि बदली द्यायला जादा गोळी डबीत नव्हती, म्हणून त्याला आठवत होतं. त्याच्यापलीकडे शिवणकाम करणारी बाई होती, चार नंबर. तिच्याही डबीत चौदा.

म्हणजे गोळ्या वाटण्याआधी, त्या रविवारी, कोणीतरी प्रत्येक डबीतून एकेक गोळी काढली होती. चोवीस गोळ्या. चोवीस वाट्या. दोन पाकिटं दूध. चाळीस अंशांचं पाणी.

बायको आजारी पडेपर्यंत मला चहाही नीट येत नव्हता. नंतर सगळं शिकलो. पहिल्यांदा दही लावलं तेव्हा दूध फार गरम होतं आणि काहीच झालं नाही. ती खाटेवरून म्हणाली होती की जंतू भाजले तर काम कसे करतील. बोट बुडवून बघा, सहन झालं पाहिजे.

मोठे डॉक्टर म्हणत होते प्रयोगशाळा लागेल. लागते, पण ती प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात असते.

मी ड्रायव्हरकडून एक गोळी मागून घेतली. त्यानं न विचारता दिली. घरी आल्यावर दोन पेल्यांत कोमट दूध घेतलं. एकात त्याची गोळी कुटून टाकली, एकात माझी. पेल्यांवर कागद चिकटवून नंबर लिहिले. पातेल्यातल्या कोमट पाण्यात दोन्ही ठेवले, वर घोंगडी गुंडाळली आणि वाट बघत बसलो.

४

बुधवारी संध्याकाळी घोंगडी काढली. ड्रायव्हरचा पेला तिरका केला तर दूध हललं नाही. घट्ट म्हणता येणार नाही, पण जमलं होतं, आणि आंबट वास होता.

माझा पेला तिरका केला. दूध वाहून बशीत आलं.

मी तिथेच खुर्चीत बसलो. माझी गोळी रिकामी होती. पहिल्या दिवसापासून रिकामी, की नंतर कोणी झाकण बदललं म्हणून रिकामी, ते मला माहीत नव्हतं. पण माझ्या हिरड्यांचं रक्त तिसऱ्या आठवड्यातच थांबलं होतं. मी सगळ्यांना त्या गोळीचं कौतुक सांगत होतो.

भाचीला फोन केला. तिनं आधी मला रागावून घेतलं, कारण मी आता तिच्या प्रयोगातून बाद झालो होतो. ज्याला कळलं तो संपला. मग रक्त कसं थांबलं, असं मी विचारलं. ती म्हणाली की तिनं स्वतः माझी हिरडी साफ केली, मी दोन वेळा घासायला लागलो, गोळी घ्यायची म्हणून का होईना वेळेवर घासायला लागलो. म्हणूनच तर रिकामी गोळी ठेवावी लागते, नाहीतर कशानं काय झालं ते कसं कळणार.

हे समजायला मला वयाची सत्तर वर्षं लागली.

मग मी तिला एक काम सांगितलं. गोळ्या सुरू होण्याआधीच्या शुक्रवारी सगळ्यांच्या हिरड्या मोजल्या होत्या. तिथं चार, अकरा, सतरा आणि वीस या नंबरांना किती रक्त होतं ते बघ. कागद चाळल्याचा आवाज आला. चार नंबरला सगळ्यांत कमी. वीस नंबरलाही अगदी किरकोळ. सतरा आणि अकरा, दोघांनाही भरपूर.

जिवंत गोळी चार नंबरकडून निघून अकराकडे गेली होती. वीसकडून सतराकडे. ज्याला बरं होतं त्याच्याकडून, ज्याला त्रास होता त्याच्याकडे.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "निकाल चांगला दाखवायचा असता तर कोणी असं केलंच नसतं. यादीत तर रिकाम्या गोळीवालेच बरे झालेले दिसले असते."

मला ते कळलं होतं. हे चोराचं काम नव्हतं. आणि चोरी करून परक्याच्या मळक्या वाट्या निर्जंतुक करून, सीलबंद करून, वर तारीख घालून ठेवणारं माणूस त्या दवाखान्यात एकच होतं.

५

गुरुवारी सकाळी साडेआठला मी हत्यारं धुवायच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. सिस्टर ट्रे लावत होत्या. बैठक अकराला होती.

मी त्यांच्यावर काही आरोप केला नाही. वाट्या, दूध, टाकी, चौदा गोळ्या, एवढंच एकापाठोपाठ सांगितलं. त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"वाट्या उकळून ठेवल्या नसत्या तर कळलं नसतं का, भाऊ?"

"नसतं कळलं."

"तरी उकळूनच ठेवल्या असत्या," त्या म्हणाल्या. "तोंडात जायच्या गोष्टीला वापरलेली वाटी तशी कशी ठेवायची?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या शुक्रवारी त्यांनी चोवीस जणांची तोंडं बघितली होती. ड्रायव्हरच्या हिरडीला नुसता स्पर्श केला तरी रक्त. आणि सोमवारी कदाचित आपण स्वतःच्या हातानं त्याला रिकामी गोळी देणार. एकतीस वर्षांत त्यांनी दुखणाऱ्या माणसाला खोटं औषध दिलं नव्हतं. रविवारी दूध लावलं. जे बारा पेशंट फार वाईट स्थितीत होते, त्यांतल्या सहा जणांचं दूध जमलं नाही. मग ज्यांना किरकोळ सूज होती आणि दूध जमलं होतं, असे सहा शोधले. दर आठवड्याला झाकणांची अदलाबदल.

माझ्या गोळीचं मी विचारलंच. त्या म्हणाल्या, तुमचं रक्त मधलं होतं. तुम्हाला हात लावला नाही.

मी म्हणालो की भाचीवर आळ आलाय. त्यांना हे माहीत नव्हतं. डब्या तपासायला गेल्या हेच कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्या स्टुलावर बसल्या. मला वाटलं आता रडतील, पण त्यांनी कपाटाच्या खालच्या खणातून एक वही काढली. कुठल्या तारखेला, कुठल्या नंबरला, कुठली डबी. सहा आठवड्यांचं सगळं, निळ्या शाईत, प्रत्येक ओळीखाली सही.

"लपून करायचं ते लिहून ठेवलंत?" मी विचारलं.

"दिलं ते लिहायचंच असतं," त्या म्हणाल्या.

मी त्यांना सांगितलं की वही मी नेणार नाही. तुमच्या तोंडातून यायला हवं. त्या घरी यायच्या त्या संध्याकाळी मला आठवत होत्या, आणि त्यांची नोकरी माझ्यामुळे जाणार हेही दिसत होतं. तरी मी तेच म्हणालो. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, टोपी काढून ठेवली आणि विचारलं की बैठक कितव्या मजल्यावर आहे.

६

मला बैठकीत बसू दिलं नाही. बाहेर बाकावर दीड तास काढला. आतला सगळा प्रकार भाचीनं नंतर सांगितला.

सिस्टरांनी वही टेबलावर ठेवली आणि उभ्यानंच बोलल्या. समितीतल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापिकेनं त्यांना विचारलं की रिकामी गोळी ठेवतात ती कशासाठी, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? सिस्टर म्हणाल्या, नाही, डबी द्या एवढंच सांगितलं होतं. तेव्हा भाची उठून म्हणाली की ही चूक माझी. मोठे डॉक्टर म्हणाले की झाकणावर नंबर घालू दिला ही माझीही. प्राध्यापिका म्हणाल्या की छान, आता चुका वाटून झाल्या असतील तर पुढचं बोलू.

ठरलं ते असं. भाचीवरचा आळ गेला. सहा आठवड्यांचे आकडे बाद. सिस्टर दवाखान्यात राहतील, डब्यांना हात लावणार नाहीत. प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करायचा असेल तर प्रत्येक पेशंटला खरं काय झालं ते सांगायचं आणि नवी सही घ्यायची. किमान वीस सह्या. एकोणीस झाल्या तरी प्रयोग बंद.

चोवीसमधून मी आधीच गेलो होतो. पुढच्या आठवड्यात तिघांनी नकार दिला. एक भडकला, एकाला गावाला जायचं होतं, तिसऱ्यानं कारण दिलं नाही. एकोणीस जणांनी सही केली. बस-ड्रायव्हरनं तर सिस्टरांचे पाय धरायचेच तेवढे बाकी ठेवले होते. त्यांनी त्याला खडसावून गप्प केलं.

उरली शिवणकाम करणारी बाई. चार नंबर. सुरुवातीला सगळ्यांत कमी सूज असलेली. सहाव्या आठवड्यात तिच्या हिरडीला सूज वाढली होती. भाची म्हणत होती की एका माणसावरून काही ठरत नाही, रिकाम्या गोळीवर मी बरा झालो आणि ती बिघडली, दोन्ही तेवढंच निरुपयोगी. पण त्या बाईला हे कसं सांगणार?

७

ती शनिवारी आली. बोटांना खडूचा निळा रंग होता. सिस्टरांनी भाचीला सांगितलं होतं की हिला मी सांगणार, आणि मी शेजारी बसावं असं त्यांना वाटत होतं. मोठे डॉक्टर दारात उभे होते.

सिस्टरांनी आडपडदा ठेवला नाही. तुमच्या नशिबात खरी गोळी आली होती, ती मी काढून दुसऱ्याला दिली. सहा आठवडे तुम्ही रिकामी चघळलीत. तुमची हिरडी सुजली, ती त्यामुळे सुजली की नाही हे कोणालाच सांगता येत नाही, पण मी तुम्हाला विचारलं नाही हे खरं.

बाईनं विचारलं, "माझीच का काढली?"

"तुमचं रक्त सगळ्यांत कमी होतं."

"कमी का होतं माहितीये?" ती म्हणाली. "तो दात बसवायला मी दोन वर्षं शिलाई मारली. रोज तीनदा घासते. आरशासमोर, दोरा घालून. म्हणजे नीट घासणाऱ्याला शिक्षा आणि न घासणाऱ्याला औषध."

साचेवाला मागे खोकला. भाचीच्या हातातल्या कागदावर सहीची जागा अजून कोरीच होती, आणि ती कोरी राहिली तर तिचं दोन वर्षांचं काम तिथंच संपणार होतं. तिनं बाईला गळ घातली नाही. उलट म्हणाली की नाही म्हणालात तरी तुमची हिरडी मी बरी होईपर्यंत बघेन.

बाईनं कागद हातात घेऊन पूर्ण वाचला. माझ्या अंदाजानं दोनदा.

"नवीन डब्यांवर नंबर कुठं असणार?"

"डबीवर, झाकणावर आणि तळाला," भाची म्हणाली.

"आणि डबी देणार कोण?"

मोठे डॉक्टर म्हणाले की ते स्वतः देतील, सिस्टरांना आता मनाई आहे.

"मग नको," ती म्हणाली. "यांच्याच हातून द्या. ज्याच्या हातून एकदा कापड चुकीचं कापलं जातं ना, तो पुढं आयुष्यभर दोनदा मोजतो. बाकीच्यांचा भरवसा मी देत नाही."

मोठ्या डॉक्टरांनी भाचीकडे पाहिलं. भाची म्हणाली की समितीला विचारावं लागेल. बाई म्हणाली, विचारा, मी बसले आहे.

मोठे डॉक्टर बाहेर जाऊन फोन लावायला लागले. ते परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. त्यांनी सांगितलं की प्राध्यापिका हसल्या, आणि म्हणाल्या, डबी त्या देतील, पण शेजारी दुसरं कोणीतरी उभं राहून नंबर मोठ्यानं वाचेल. सिस्टरांनी ताबडतोब विचारलं, वाचणारं कोण?

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रयोगातून बाद झालेला, रिकामटेकडा आणि मोजायची सवय असलेला.

बाईनं सही केली.